छप्पन्न सालची वही

दिवाळीच्या फराळात आमच्याकडे दोन गोष्टी दरवर्षी ठरलेल्या असतात. एक म्हणजे काकूच्या हातचे अनारसे, आणि दुसरी म्हणजे काका आणि मामा यांचा वाद. अनारसे एखाद्या वर्षी बिघडतात. वाद मात्र आजवर एकदाही बिघडलेला नाही.

काका खामगावचे अडत्ये, चौथ्या पिढीचे. मामा चिखलीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर. काकांचा विश्वास बाजारावर. मामांचा विश्वास बाजार सोडून बाकी सगळ्यांवर. तरी दोघांना एकमेकांवाचून करमत नाही. भाऊबीजेच्या निमित्ताने मामा माझ्या आईकडे येतात असे सांगायचे. येतात ते काकांशी भांडायला, हे आईलाही ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत ठिणगी टाकली ती माझ्या पुतण्याने. तो पुण्याला शिकतो. त्याच्या वसतिगृहात दोन मुलांची म्हणे बोलाचाली होऊन हातघाईवर आली. एकाचे म्हणणे, साम्यवादाने विसाव्या शतकात दहा कोटी माणसे मारली. दुसऱ्याचे म्हणणे, भांडवलशाहीने त्याहून जास्त मारली, फक्त तिचा हिशेब कुणी ठेवला नाही. पुतण्याने चकलीचा तुकडा मोडला, दोन्ही आजोबांकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "खरे कुणाचे?"

"दहा कोटीवाल्याचे," काका म्हणाले.

"दुसऱ्याचे," मामा म्हणाले. दोघांनी एकदमच.

दहा कोटींचा हा आकडा कुठला ते सांगितले पाहिजे. १९९७ साली पॅरिसमध्ये काही फ्रेंच इतिहासकारांनी मिळून साम्यवादाच्या काळ्या कृत्यांचा एक जाडजूड ग्रंथ काढला. संपादक स्तेफान कूर्त्वा यांनी प्रस्तावनेत साऱ्या देशांची बेरीज दहा कोटींच्या घरात नेली. गंमत अशी की त्याच ग्रंथातल्या निकोला व्हेर्त आणि झाँ-लुई मार्गोलाँ या दोन प्रमुख लेखकांना ही बेरीज मान्य नव्हती आणि त्यांनी तसे जाहीर सांगितले. म्हणजे आकड्याचे भांडण खुद्द पुस्तकाच्या बांधणीतच शिवले गेले होते.

"रशिया-चीनला कशाला जायचे?" मामा म्हणाले. "ज्या पाटावर बसलो आहोत, त्याच्या खालचीच जमीन उकरू."

शंभरातले बारा

मामांनी मग हिशेब मांडला. १९०१ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली ४ लाख २३ हजार ६१६. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ही घट बारा टक्क्यांची. सबंध वऱ्हाडची घट होती पाच टक्के. आपल्या जिल्ह्याची त्याच्या दुपटीहून अधिक. त्या वेळी जिल्ह्यात चिखली, मेहकर आणि मलकापूर असे तीनच तालुके होते. खामगाव आणि जळगाव जामोद पुढे १९०५ साली अकोल्याकडून आले. त्या तीन तालुक्यांत दहा वर्षांत सुमारे ५७ हजार माणसे कमी झाली. मधल्या काळात दोन दुष्काळ येऊन गेले: एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. हा दुसरा व्यापाऱ्यांच्या संवताप्रमाणे १९५६ सालचा, म्हणून छप्पन्नचा दुष्काळ.

"थांबा मास्तर," काका म्हणाले. "कमी झाली म्हणजे सगळी मेली असे नव्हे. काही गाव सोडून गेली असतील. दुष्काळात पोरे कमी जन्मतात. तो हिशेब वेगळा काढा."

काकांचा हा मुद्दा बरोबर होता, आणि तो रशिया-चीनच्या आकड्यांनाही तितकाच लागू आहे, हे मामांनी लगेच दाखवून दिले. दुष्काळात माणूस नुसता भुकेने क्वचितच मरतो. पोट खपाटीला गेले की अंगातला जोर जातो. मग पटकी येते, हगवण येते, हिवताप येतो. गावच्या नोंदीत 'ताप' लिहिले जाते. 'भूक' असा शब्द फारसा सापडत नाही. म्हणून अभ्यासक एरवीच्या वर्षांतले सरासरी मृत्यू वजा करून उरलेले 'जादा मृत्यू' दुष्काळाच्या नावे मांडतात. वजाबाकी करताना सरासरी कोणती धरायची यावर लाखांचा फरक पडतो. चीनमधल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळाचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत, ते यामुळेच.

आगगाडी आली, पेव उघडले

आता थोडा इतिहास. इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतला तो १८५३ साली, फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. मँचेस्टरच्या गिरण्यांचा डोळा तेव्हापासूनच इथल्या काळ्या जमिनीवर होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी आगगाडी धावू लागली. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंतचा खास कापसासाठी घातलेला फाटा खुला करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे आला. ज्या गावाला व्हाइसरॉयने पायधूळ झाडावी, त्या गावाने काय मिळवले आणि काय गमावले, हाच आमच्या घरातला मूळ वाद.

मिळवले ते डोळ्यांना दिसते: जिनिंग, प्रेस, पेढ्या, वाडे. गमावले ते जमिनीखाली होते. पूर्वी चांगल्या साली आलेली ज्वारी गावोगाव पेवांत साठवत. जमिनीत खोल खड्डा, आत कडबा-भुसकटाचे अस्तर आणि वर मातीचे लिंपण. एक साल बुडाले तर पेव फोडायचे. आपण आज 'अमक्याचे पेव फुटले' म्हणतो, ते तिथूनच आले. पण ज्वारीही गाडीत बसून मुंबईला जाऊ लागली, सारा रोख द्यायचा ठरला आणि कापसासाठी सावकाराचे कर्ज डोक्यावर आले. तेव्हा पेव भरून ठेवण्याची ऐपत शेतकऱ्याला उरली नाही. मजूर तर आता ज्वारी पिकवण्याऐवजी विकत घेऊन खाऊ लागला.

मग १८९९ साली पाऊस गेला. कापूस नाही, म्हणून मजुरी नाही. मजुरी नाही, म्हणून ज्वारी नाही. माइक डेव्हिस या अमेरिकन लेखकाने त्या काळच्या दुष्काळांवर पुस्तक लिहिले आहे. तो म्हणतो की १८९९-१९०० मध्ये वऱ्हाडात १ लाख ४३ हजार माणसे उपासमारीने मेली, आणि त्याच काळात प्रांतातून कापसाच्या गासड्यांबरोबर ७ लाख ४७ हजार बुशेल धान्यही बाहेर गेले. मी पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली. हे धान्य होते जवळजवळ दोन लाख क्विंटल. मेलेल्यांत वाटले तर डोई सुमारे एक क्विंटल चाळीस किलो. रोज अर्धा किलो धरला तर नऊ महिन्यांची बेगमी.

पडवीत क्षणभर कुणी बोलले नाही. काकूने चहा आणला, तोही निवला.

काकांची बाजू

काका असे हार जाणारे नव्हेत. "मास्तर, पाऊस भांडवलदार पाडतो काय? आगगाडी नव्हती तेव्हा माणसे मरत नव्हती? दुर्गादेवीचा दुष्काळ कुणी आणला? १६३० सालच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, तेव्हा मँचेस्टर कुठे होते? १८०३ साली तर इथे माणसाला माणूस दिसेना झाले होते!"

आणि काका नुसते जुने दाखले देत नव्हते. १८६६ साली ओरिसात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. तिथे आगगाडी नव्हती आणि वेळेवर धान्य नेणे सरकारला जमले नाही. रॉबिन बर्जेस आणि डेव्ह डोनाल्डसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली जुन्या नोंदी तपासून दाखवले की ज्या जिल्ह्यांत आगगाडी पोचली, तिथे पाऊस गेल्याने होणारे मृत्यू पुढे पुढे कमी झाले. गाडी धान्य नेते तशी आणतेही. शिवाय १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने दुष्काळाचे नियम केले होते, कामे काढली होती, अन्नछत्रे घातली होती. "व्यवस्थेने मारले म्हणता, मग व्यवस्थेने जगवले ते कुणाच्या खात्यावर मांडणार?" काकांनी विचारले.

"मांडा की," मामा म्हणाले. "पण जमेच्या बाजूला मांडताना नावेची बाजू खोडू नका. आयोगाने कामे काढा म्हटले खरे. पण धान्याच्या व्यापारात हात घालू नका, हेही त्यानेच सांगितले. दर चढला की माल आपोआप येतो, हे त्यांचे शास्त्र. माल पैशाकडे जातो, शेठ, भुकेकडे जात नाही. पाऊस देव पाडतो, पण सारा कलेक्टर घेतो!"

इथे पुतण्याने मध्येच तोंड घातले. "आजोबा, त्या वेळी खामगावातून ती ज्वारी पाठवत कोण होते?"

मामा गप्प झाले. काका उठून आत गेले. मला वाटले रागावले. पण थोड्या वेळाने ते परत आले, ते लाल खारव्याच्या बांधणीची एक वही घेऊन.

मयत, वारस नाही

ती वही माळ्यावर होती, हे काकांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांच्या पणजोबांची, संवत् १९५६ ची खतावणी. अक्षर मोडी. काकांना मोडी येत नाही, आणि घरात ज्यांना येत होते ते कधीच गेले. आजवर ती कुणाकडून वाचून घेतली नव्हती. मोडी येणारे माणूस घरात एकच होते, आणि ते मामा.

मामांनी चष्मा पुसला आणि खालच्या आवाजात वाचू लागले. वैशाख वद्य अमुक, ज्वारी इतक्या थैल्या, जलंबमार्गे मुंबई. ज्येष्ठ शुद्ध अमुक, ज्वारी इतक्या थैल्या, मुंबई. म्हणजे १९०० सालचा ऐन उन्हाळा. दर पंधरवड्याला एक नोंद धर्मादायाची: सदावर्तास ज्वारी. तीही दर खेपेला वाढत गेलेली. मग कुळांची खाती. नाव, गाव, मुद्दल, व्याज; आणि मग एका रेघेपुढे तीनच शब्द: मयत, वारस नाही. पुढच्या खात्यावर: परागंदा. त्यापुढे: घर बंद. एका पानावर अशी अकरा खाती. खाली बेरीज मारून लिहिलेले: बुडीत.

माणूस विकत होता, दान करत होता, आणि मेलेल्यांकडचे येणे बुडीत खाती टाकत होता. एकाच बोरूने, एकाच वहीत.

"मग पणजोबा गुन्हेगार का?" पुतण्याने विचारले. पोराने वसतिगृहातला प्रश्न आता आमच्याच उंबरठ्यावर आणून ठेवला होता.

"त्यांनी विकली नसती," काका सावकाश म्हणाले, "तर शेजारच्याने विकली असती."

"हेच तर मी तीस वर्षे सांगतो आहे," मामा म्हणाले. "यालाच व्यवस्था म्हणतात." पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. थोडे थांबून ते म्हणाले, "शेठ, माझीही एक वही आहे. १९७० च्या सुमारास आम्ही कॉलेजची पोरे चीनच्या कम्यूनची वर्णने वाचत होतो. सामुदायिक स्वयंपाकघरे, शेतात दुप्पट-चौपट पीक. मी त्यावर भाषणे केली, टाळ्या घेतल्या. आणि त्याच स्वयंपाकघरांतली माणसे दहा वर्षांपूर्वी कोट्यवधींनी मरून गेली होती. अधिकाऱ्यांनी पिकाचे खोटे आकडे वर पाठवले. त्या आकड्यांवर सरकारने धान्य उचलले. १९५९ साली निर्यातही चालूच होती. आम्हाला कळले ते ऐंशीच्या दशकात, त्यांची खानेसुमारी बाहेर पडल्यावर. माझ्या त्या भाषणांची नोंद कुठल्या खात्यावर करायची?"

काकांनी काही उत्तर दिले नाही. बशीतला अनारसा तेवढा मामांपुढे सरकवला.

विचारणार कोण?

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. एक गोष्ट सारखी मनात येत होती. बाजाराच्या नावाने वऱ्हाडातून ज्वारी गेली, पक्षाच्या हुकमाने चीनच्या खेड्यांतून तांदूळ गेला. पण ज्याच्या ताटातून गेला, त्याला दोन्हीकडे विचारायची सोय नव्हती. आमचा वऱ्हाड तर नावाला निजामाचा, कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाचा, त्याच्यावर कलकत्त्याचा कर्झन, आणि त्याच्यावर लंडन. मेहकरच्या मजुराने जाब विचारायचा तो कुणाला? दादाभाई नौरोजींनी लिहिले, रमेशचंद्र दत्तांनी १९०० साली साऱ्याविषयी कर्झनला अनावृत पत्रे लिहिली. १८९६-९७ मध्ये टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने दुष्काळी नियमांचे हक्क खेडोपाडी समजावले. पण हे सारे अर्ज होते, मत नव्हते.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हेच शास्त्रशुद्ध मांडले: दुष्काळात धान्य संपते असे नाही, काही माणसांची ते मिळवण्याची ताकद संपते. बंगालमध्ये १९४३ साली सुमारे तीस लाख माणसे अशी मेली. निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रे असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही, हाही त्यांचाच सिद्धांत. पण त्यांनीच ज्याँ द्रेझ यांच्याबरोबर दुसरी बाजूही सांगितली: चीनच्या त्या दुष्काळात जितकी माणसे मेली, जवळपास तितकी भारतात दर आठ वर्षांत रोजच्या कुपोषणाने आणि आजाराने, गाजावाजा न होता, जादा मरत होती. ती कुठल्याच काळ्या ग्रंथात आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या शेतावर गेलो. तिथे एक म्हातारी आहे, काकांच्या वडिलांच्या वेळेपासून कामाला. तिला विचारले, बहात्तरचा दुष्काळ आठवतो का? ती हसली.

"आठवते नाई तं काय! दुष्काय लय मोठा होता, बाप्पा. पण आमी मेलो नाई. खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. पैसे द्यायले उशीर झाला तं तहसीलवर जाऊन बसलो."

तिचे शेवटचे वाक्य मी घरी येऊन मामांना आणि काकांना सांगितले. १९७२-७३ च्या त्या दुष्काळात एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसे सरकारी कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली, १९७७ चा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. पाऊस १८९९ सालीही गेला आणि १९७२ सालीही गेला. अडतीही होत्या, आगगाडीही होती. फरक इतकाच की या बाईला तहसीलवर जाऊन बसता येत होते.

म्हणून मला वाटते, मृत्यूंचा दोष व्यवस्थेवर टाकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. निर्णय कुणी घेतला? त्या वेळी दुसरा मार्ग माहीत होता का? आणि मरणाऱ्याला त्यांना विचारता येत होते का? नुसती बेरीज मोठी करून जिंकता येते, पण त्या बेरजेत मेलेल्या माणसाचे गाव-नाव पुन्हा एकदा बुडीत खाती जाते.

काका म्हणाले, "मग आजच्या कापसाचे काय?" प्रश्न खरा होता. १९७२ पासून तीस वर्षे कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी होती. शरद जोशींची शेतकरी संघटना म्हणत असे की सरकार भाव पाडते. पुढे बाजार मोकळा झाला, तरी शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. त्या मृत्यूंना कोण बाजार म्हणतो, कोण सरकार. मामांनी या वेळी तोंड उघडले नाही. बहुधा तीन प्रश्नांची उत्तरे मनाशी लावून पाहत असावेत.

त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन होते. आमच्या घरी अजून वहीपूजन होते. धंद्याचा हिशेब संगणकावर असला तरी एक कोरी वही पाटावर मांडतात, तिच्यावर स्वस्तिक काढतात, हळदकुंकू वाहतात. मी पाहिले तर कोऱ्या वहीशेजारी ती लाल खारव्याची वही ठेवली होती. काकू कुंकवाची बोटे घेऊन पुढे झाली, तसे काकांनी तिला हातानेच थांबवले.

"तिची पूजा नको," ते म्हणाले. "नुसती इथे असू दे."

मामा जवळच उभे होते. पूजा झाल्यावर त्यांनी पाटाजवळ बसकण मारली, वहीचे ते पान उघडले, आणि पुतण्याला कागद-पेन आणायला सांगून ती अकरा नावे गावांसकट एकेक करून बाळबोधीत उतरवून द्यायला सुरुवात केली.